सीलबंद खोक्यापेक्षा चालणारा गेम बरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला जुन्या व्हिडिओ गेम्सच्या संग्रहावरचा लेख वाचला. विषय घेतलात याबद्दल आभार. आमच्या या वेडाकडे वर्तमानपत्रे सहसा फिरकत नाहीत. पण नव्याने सुरुवात करणाऱ्याला लेखाने जो सल्ला दिला आहे (सीलबंद खोकी घ्या, त्यांना दर्जाचे प्रमाणपत्र मिळवा, पारदर्शक पेटीत बंद करून ठेवा आणि भाव चढला की विका) तो वाचून राहवले नाही. मी पिक्चर ट्यूबचे टीव्ही दुरुस्त करणारा मेकॅनिक. गेम्सकडे वळलो तोही त्याच वाटेने. ‘टीव्ही बिघडलाय’ म्हणून लोक बोलवायचे आणि बिघाड निघायचा टीव्हीला जोडलेल्या खेळाच्या यंत्रात. त्यामुळे खोक्यापेक्षा आतल्या बोर्डाकडे माझे लक्ष आधी जाते. पुढचे सगळे त्या नजरेने लिहिले आहे, हे धरून वाचावे.

लेखात २०२१ च्या लिलावाचा दाखला आहे. त्या वर्षी जुलैमध्ये ‘सुपर मारियो ६४’ची एक सीलबंद प्रत १५ लाख ६० हजार डॉलरला गेली, हे खरे. पण १९९६ साली आलेल्या या गेमच्या एक कोटीहून अधिक प्रती जगभर विकल्या गेल्या, हे लेखात नाही. म्हणजे गेम काही दुर्मीळ नव्हे. दुर्मीळ होते ते न फाटलेले आवरण आणि कोपरा न दुमडलेले खोके. त्याच गेमचे नुसते कार्ट्रिज (गेम ज्यात भरलेला असतो ती प्लास्टिकची डबी) आजही बिनधास्त मिळते, आणि लिलावातल्या प्रतीत जो मारियो आहे तोच त्यात उड्या मारतो. उलटे उदाहरणही आहे. अटारी कंपनीचा ‘ई. टी.’ हा गेम इतका पडून राहिला की १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या अ‍ॅलमोगोर्डो गावाजवळ, न खपलेल्या इतर मालाबरोबर तो जमिनीत पुरला गेला. २०१४ मध्ये तो खणून काढला तेव्हा बातम्या झाल्या. आख्यायिका एवढी मोठी, म्हणून नवशिक्याला वाटते की हे कार्ट्रिज म्हणजे खजिनाच. प्रत्यक्षात ते मुळात एवढे बनवले होते की पुरूनही उरले.

आता माझा खरा आक्षेप. त्याच लिलावात ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ची एक सीलबंद प्रत ८ लाख ७० हजार डॉलरला गेली. १९८७ साली अमेरिकेत आलेल्या या कार्ट्रिजच्या बोर्डावर नाण्याएवढा लिथियम सेल झाळलेला असतो. खेळ कुठवर आला याची नोंद ज्या मेमरीत राहते, तिला यंत्र बंद असताना वीज पुरवायचे काम या सेलचे. सील असो वा नसो, सेलचे वय वाढतेच. आवरणाला हात लावायचा नाही म्हटल्यावर आतला सेल संपलाय, की पाझरून बोर्डाचे तांबे खातोय, हे बघणार कोण? दर्जाचे प्रमाणपत्र मिळते ते खोक्याला. आतले यंत्र धडधाकट आहे की नाही, याबद्दल ते चकार शब्द काढत नाही. ज्याला गुंतवणूकच करायची आहे त्याने खुशाल करावी, पण तो वेगळा धंदा आहे. छंद म्हणून सुरुवात करणाऱ्याला त्या वाटेला लावू नका, एवढेच माझे म्हणणे.

मग सुरुवात कशाने करावी? एका यंत्राने. निन्टेन्डो, सेगा, सोनी, अटारी अशी सगळ्यांची एकेक वस्तू जमवत गेले की प्रत्येकाची वेगळी वायर, वेगळा अडॅप्टर, वेगळी दुखणी, आणि मांडणीत एकही धड चालणारी गोष्ट नाही, अशी गत होते. मला कुणी विचारले तर मी पहिला, म्हणजे १९८९ चा, गेम बॉय सुचवतो, निन्टेन्डोचे हातात धरून खेळायचे यंत्र. गुनपेई योकोई यांच्या चमूने तो बनवला. पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा, रंग म्हणाल तर हिरवटाच्या चार छटा, चालतो चार पेन्सिल सेलवर. टीव्ही नको, अडॅप्टर नको, आणि जपानचे कार्ट्रिज अमेरिकेच्या यंत्रात बिनतक्रार चालते, त्यामुळे देशादेशांच्या कुलपांची भानगड नाही. पडद्यावर काही उभ्या रेषा उमटत नसतील तर बहुतेक वेळा पडद्याच्या खालच्या कडेची रिबन सुटलेली असते. कमी तापवलेली इस्त्री, म्हणजे आमची सोल्डरिंगची, तिच्यावरून अलगद फिरवली की रेषा परत येतात. असली दुरुस्ती करून पाहिलेला माणूस या छंदात टिकतो, असे माझे निरीक्षण आहे.

गेम बॉय नको असेल तर ज्या यंत्रावर लहानपणी हात बसला तेच घ्यावे. पण कार्ट्रिजवाले आणि डिस्कवाले यांतला फरक आधी समजून घ्यावा. कार्ट्रिजमध्ये हलणारा भाग नसतो. डिस्कच्या यंत्रात मोटर, गिअर, लेन्स असा सारा संसार असतो आणि तो झिजतो. सोनीचा पहिला प्लेस्टेशन डिसेंबर १९९४ मध्ये जपानमध्ये आला. त्या सुरुवातीच्या यंत्रांत लेझरचा गाडा प्लास्टिकवर सरकायचा. झीज झाली की चित्रफिती अडखळायच्या, मग लोक यंत्र चक्क उलटे ठेवून खेळायचे. असे उलटे ठेवलेले यंत्र ‘उत्तम स्थितीत’ म्हणून कुणी दाखवले तर काय समजायचे ते समजा. डिस्क घेताना ती दिव्यासमोर धरून पाहावी. ओरखडे दिसले तर फारसे बिघडत नाही, पण छापील बाजूने टाचणीच्या टोकाएवढा उजेड आरपार येत असेल तर तिथला परावर्तक थर गेलेला असतो, आणि त्याला इलाज नाही.

कार्ट्रिजबद्दल, ज्याला आम्ही सगळे कॅसेट म्हणायचो, एक सवय मोडायला हवी. लागले नाही की काढायचे, फुंकर मारायची, परत घालायचे. फुंकरीने काम होते असे वाटते, पण होते ते काढून-घालण्याने. पिना नव्याने घासल्या जातात एवढेच. तोंडातली वाफ मात्र त्या पिनांवर बसते आणि हळूहळू त्यांना काळे पाडते. अमेरिकेत १९८५ मध्ये आलेल्या निन्टेन्डो एनईएसमध्ये तर गंमत आहे. त्यात ‘हे कार्ट्रिज आपलेच आहे ना’ हे तपासणारी एक चिप बसवली होती. तशीच जोडीदार चिप कार्ट्रिजमध्ये. दोघींचे बोलणे जुळले नाही की यंत्राची चिप साधारण दर सेकंदाला यंत्र पुन्हा सुरू करत राहते. पडदा लुकलुकतो, तांबडा दिवाही लुकलुकतो, आणि लोक म्हणतात यंत्र मेले. बहुतेकदा नुसता लूज कॉन्टॅक्ट असतो. कापूस गुंडाळलेल्या काडीवर नव्वद टक्क्यांहून कडक आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, पिना पुसा, पूर्ण वाळू द्या. काडी काळी होते ती पाहून समाधान वाटते, हा वरचा नफा.

अडॅप्टरवर मात्र जरा थांबतो, कारण माझ्याकडे आलेली बरीचशी यंत्रे खेळून नव्हे, चुकीच्या अडॅप्टरने मेलेली असतात. जपानी फॅमिकॉमला (एनईएसचेच जपानी रूप) १० व्होल्ट डीसी लागतो, आणि तोही मधली पिन ऋण असलेला. नेहमीचे बरेच अडॅप्टर याच्या नेमके उलटे असतात. अमेरिकन एनईएसचा अडॅप्टर तर ९ व्होल्ट एसी देतो. एनईएस ते आत डीसी करून घेते म्हणून तिचे निभावते, पण तोच अडॅप्टर फॅमिकॉमला लावला तर घात झालाच म्हणून समजा. सेगाच्या मेगा ड्राइव्हचे आणखी वेगळे. पहिल्या प्रकाराला मधली पिन ऋण, दुसऱ्याला धन. शिवाय जपानचा अडॅप्टर १०० व्होल्टच्या विजेसाठी बनवलेला असतो, अमेरिकेचा १२० च्या. २३० व्होल्टच्या सॉकेटात तो खोचला की धूर निघायला वेळ लागत नाही. पिन घट्ट बसली म्हणजे अडॅप्टर बरोबर, असे होत नाही. यंत्राच्या पोटावर छापलेले आणि अडॅप्टरवर छापलेले आकडे जुळवून मगच बटण दाबावे. व्होल्ट आणि धन-ऋण तपासणारा साधा मल्टिमीटर घ्या. गेम घेण्याआधी घ्या.

युरोपातली यंत्रे घेणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. पाल या तिथल्या पद्धतीचे टीव्ही सेकंदाला ५० वेळा चित्र रंगवायचे, जपान-अमेरिकेतले ६० वेळा. अनेक कंपन्यांनी गेम पालसाठी आणताना वेगाचा हिशेब पुन्हा मांडलाच नाही. परिणामी १९९१ चा ‘सॉनिक’ पाल यंत्रावर सुमारे सहाव्या हिश्शाने हळू पळतो, पार्श्वसंगीतही रेंगाळते. लहानपणी ज्याने तोच पाहिला त्याला तोच बरोबर वाटतो, आणि त्याला मी चूक म्हणणार नाही.

नकली कार्ट्रिजचा सुळसुळाट आहे, याबद्दल लेखात दोन ओळी तरी हव्या होत्या. ‘पोकेमॉन’चे गेम सर्वांत जास्त नकललेले. निन्टेन्डोच्या बहुतेक कार्ट्रिजचे स्क्रू साध्या पेचकसाने निघत नाहीत. ३.८ मिलिमीटरचा खास बिट लागतो, काही यंत्रांसाठी ४.५ चा. जोडी घेऊन ठेवावी. उघडल्यावर बोर्डावर निन्टेन्डोचे नाव आणि साल छापलेले, चिप नीट पाय असलेल्या, झाळकाम सारखे, असे असेल तर बरे. चिपच्या जागी काळ्या डांबरासारखा गोळा ओतलेला दिसला तर संशय घ्या. काही अस्सल बोर्डांवरही तसा गोळा असायचा, म्हणून ताबडतोब निकाल देऊ नका, पण त्याच गेमच्या अस्सल बोर्डाच्या छायाचित्राशी ताडून पाहा. गेम बॉय अ‍ॅडव्हान्सच्या अस्सल कार्ट्रिजच्या लेबलावर दोन आकडी ठसा दाबलेला असतो. लेबल तिरपे धरले की दिसतो. विकणारा उघडू देत नसेल तर नमस्कार करून निघावे.

सेलचा विषय वर काढलाच आहे तर तो पुरा करतो. ‘पोकेमॉन गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’मध्ये घड्याळ चालू असते, त्यामुळे त्यांचा सेल आधीच्या ‘रेड’ आणि ‘ब्लू’पेक्षा लवकर संपतो. आणि संपला की घड्याळाबरोबर जपून ठेवलेला खेळही जातो. नंतरच्या ‘रूबी’ आणि ‘सफायर’मध्ये खेळाची नोंद फ्लॅश मेमरीत, म्हणजे सेलशिवाय टिकणाऱ्या मेमरीत असते. तिथे सेल संपला तर सुरुवातीला तशी सूचना येते, वेळेवर अवलंबून असलेल्या गोष्टी थांबतात, पण नोंद शाबूत राहते. हा फरक ठाऊक नसल्याने लोक ‘रूबी’ मेला म्हणून टाकून देतात आणि ‘गोल्ड’ चालतोय म्हणून वर्षानुवर्षे सेल बदलत नाहीत. सेल बदलताना पत्र्याच्या पट्ट्या आधीच जोडलेला सेल आणावा आणि झाळायचे ते पट्टीला. सुट्या सेलवर थेट गरम इस्त्री टेकवणाऱ्यांचे व्हिडिओ मी पाहिले आहेत. लिथियम सेल तापून फुटतो हे त्यांना कुणी सांगितलेले दिसत नाही. जुनी नोंद हवी असेल तर कार्ट्रिज वाचणारे छोटे उपकरण मिळते. त्याने ती संगणकावर उतरवून घ्यावी, सेल बदलावा, मग परत चढवावी.

पिवळ्या पडलेल्या यंत्रांबद्दल लेखकाला फार वाईट वाटलेले दिसते. मला वाटत नाही. त्या काळी एबीएस प्लास्टिकमध्ये आग लागू नये म्हणून ब्रोमीनची संयुगे मिसळायचे. उजेड, उष्णता आणि काळ यांनी ते पिवळे पडते, कधी वरचा अर्धा भाग पिवळा आणि खालचा पांढरा. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून अतिनील प्रकाशात ठेवले की रंग उतरतो, पण तो कायमचा उतरतो असे नाही, आणि घाईने लावले तर डाग पडतात. यंत्राच्या तब्येतीशी रंगाचा संबंध नाही. तोच वेळ कॅपॅसिटर (बोर्डावरचे वीज साठवणारे छोटे भाग) तपासायला द्यावा. सेगाच्या गेम गिअर या हातात धरायच्या यंत्रातले कॅपॅसिटर पाझरण्याबद्दल बदनामच आहेत. आवाज गेला, चित्र फिके पडले, की आधी तिथे पाहायचे. मायक्रोसॉफ्टच्या २००१ च्या पहिल्या एक्सबॉक्समध्ये घड्याळासाठी बसवलेला कॅपॅसिटरही असाच बोर्ड खातो.

आणि मग टीव्ही. इथे माझा धंदा बोलतो, चालवून घ्या. हे गेम ज्या काळी बनले त्या काळी त्यांचे चित्र २४० ओळींचे असायचे आणि पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर एक ओळ सोडून एक रंगायचे. रेखाटणाऱ्यांनी ठिपके त्या अंधाऱ्या फटी आणि वायरीतली किंचित सांडलेली रंगत धरूनच मांडले होते. आजचे अनेक सपाट टीव्ही त्या संकेताला भलताच समजतात, मध्येच स्वतःची सारवासारव करतात आणि त्या नादात बटण दाबणे आणि मारियोने उडी मारणे यांत उशीर होतो. बंदुकीचे गेम तर सरळ बंदच पडतात. ‘डक हंट’मध्ये चाप ओढला की क्षणभर पडदा काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीतला प्रकाश ओळखणारा भाग तो चौकोन त्याच क्षणी दिसला का एवढेच पाहतो. सपाट टीव्हीवर चौकोन उशिरा येतो, तोवर बंदुकीने नेम चुकला असे ठरवलेले असते. सपाट टीव्हीसाठी चित्र नीट वाढवून देणारी उपकरणे आता चांगली मिळतात. पण जागा असेल तर एक छोटा पिक्चर ट्यूबचा टीव्ही ठेवावा. मागचे झाकण मात्र स्वतः उघडू नये. ट्यूबवर वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात आणि वायर काढल्यावरही ते बराच काळ दबा धरून बसतात. इथे धाडस दाखवायचे नसते.

एम्युलेटर (जुन्या यंत्राची नक्कल करणारा संगणकाचा प्रोग्राम) म्हणजे फसवणूक, असा लेखाचा सूर आहे. मला तो पटत नाही. कुठलेही कार्ट्रिज शोधायला निघण्याआधी तो गेम संगणकावर तासभर खेळून पाहावा. आठवणीतला गेम आणि हातातला गेम यांत बरेचदा अंतर निघते, आणि ते अंतर आधी कळलेले बरे. दुसरेही कारण आहे. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या अभ्यासानुसार, अमेरिकेत २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या गेम्सपैकी ८७ टक्के तेव्हा अधिकृतपणे विक्रीला उपलब्धच नव्हते. त्याच वर्षी मार्चमध्ये निन्टेन्डोने ३डीएस आणि वी यू या आपल्या यंत्रांची ऑनलाइन दुकाने बंद केली आणि केवळ तिथेच मिळणारे गेम विकत घेण्याची सोय संपली. असे असताना कुणी जुने कार्ट्रिज साफ करून, सेल बदलून चालते ठेवत असेल तर ते काम मोलाचे आहे. सीलबंद पेटीतून ते होत नाही.

जाता जाता बेनामी यंत्रांबद्दल. फॅमिकॉमची नक्कल करून बनवलेली, एका कार्ट्रिजमध्ये लाखो गेम असल्याचे खोटे सांगणारी आणि प्रत्यक्षात तेच दहा-वीस गेम नावे बदलून पुन्हा पुन्हा दाखवणारी यंत्रे संग्रहात ठेवू नयेत, असे लेखात म्हटले आहे. का ठेवू नयेत? रशियात १९९२ पासून विकल्या गेलेल्या डेंडीसारख्या नकलांमधूनच जगातल्या कितीतरी मुलांनी मारियोला पहिल्यांदा पाहिले. अस्सल म्हणून खपवू नका, चिठ्ठी लावून शेजारी ठेवा. माझ्याकडे आहेत आणि पाहुण्यांचा हात आधी तिकडेच जातो.

लेखासोबतच्या छायाचित्रातल्या तरुणाने कार्ट्रिजच्या पिनांवर बोट ठेवले आहे. पुढच्या वेळी छायाचित्रकाराला एवढे सांगावे.

आपला,
एक जुना टीव्ही मेकॅनिक

ता. क. ज्यांच्या कपाटात गेम बॉय किंवा सेलवर चालणारे असे काही पडून आहे त्यांनी त्यातले सेल आजच काढावेत. पांढरा-हिरवा थर दिसला तर व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या काडीने तो उतरवावा, मग अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्यावे, आणि त्यानंतरच नवे सेल घालून पाहावे. काडी फिरवताना डोळ्यांवर चष्मा असू द्यावा.